खालच्या बाई

खालच्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना डिंक लागलेला होता.

मी नुकतीच बदली होऊन आले होते. चर्चमध्ये कोणाशी धड ओळख नव्हती. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून एकेका रांगेने पावाचा तुकडा आणि पेल्यातला घोट घ्यायचा, आणि सगळ्यांचं झालं की एक छोटं ताट पांढऱ्या रुमालाने झाकून खाली तळघरात पाठवायचं, अशी आमच्या मंडळीची पद्धत. वर उपासना चालते त्याच वेळी खाली लहान मुलांचा वर्ग भरतो. वर्ग घेणारीला वर येता येत नाही, म्हणून प्रभुभोजनच तिच्याकडे जातं. ताट नेण्याचं काम मंडळीतल्या एका वयस्कर काकांचं होतं. त्या दिवशी त्यांचा गुडघा रुसला होता. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "शाळेत टीचर आहात ना? मग पोरांना घाबरणार नाही. एवढं खाली देऊन या."

मी ताट सांभाळत जिना उतरले. खोलीचं छत इतकं बुटकं की उंच माणसाने मान झुकवूनच चालावं. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून माणसं दिसत नव्हती, नुसते पाय येत-जात होते. छोट्या खुर्च्या, छोटी टेबलं, आणि मधोमध पंचविशीतली एक बाई. एक मूल कडेवर, दुसरं बाहीला लोंबकळलेलं.

"हात बरबटलेत हो," ती म्हणाली. "तोंडातच घाला."

आणि डॉक्टरसमोर उघडावं तसं तिने तोंड उघडलं. कडेवरच्या मुलानेही उघडलं.

"तू नाही रे राजा. तू मोठा झालास की."

मी पावाचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला, पेला ओठांना लावला. तिने डोळे मिटले. एखादं तहानलेलं माणूस पाण्याकडे वळावं तसा तिचा सगळा चेहरा आतल्या आत कुठेतरी वळला. तेवढ्यात मागून आरोळी आली, "बाई, हा खडू खातोय!" डोळे उघडले. ती गेली.

काकांचा गुडघा पुढे कधी मनासारखा झालाच नाही आणि ताट माझ्याकडेच राहिलं. गायनवृंदात मला ओढून घेतलं होतं, पण महिन्यातून एकदा मी खाली उतरायचे. त्यामुळे इतरांना ज्यांचा नुसता आवाज ऐकू येत होता त्या बाई मला थोड्या कळत गेल्या.

हे काम त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. आधी वर्ग घेणारी परिचारिका नोकरीसाठी परगावी गेली. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, या नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीला सांगितलं, "दुसरं कोणी मिळेपर्यंत बघ जरा." दुसरं कोणी मिळालं नाही. शोधलं असं म्हणायलाही फारसा आधार नाही. हळूहळू त्यांचं नाव मागे पडलं आणि मुलांपासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे त्यांना 'खालच्या बाई' म्हणू लागले.

आठवडाभर त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घ्यायच्या. सकाळी कानाला लावलेला फोन संध्याकाळी खाली. घरी सासूबाई, मनाने फार चांगल्या, पण कानाने कमी, त्यामुळे रेडिओ शेजाऱ्यांनाही फुकट. आणि नवरा माईकवाला. समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. दोन खोल्यांतली एक स्पीकरांनी भरलेली. दुरुस्त केलेला प्रत्येक स्पीकर तो घरीच वाजवून बघायचा. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." त्यांच्याकडे चहाला गेलं की दर वाक्याला हे तीन आकडे मध्ये यायचे. चर्चमधला माईकही त्याच्याच हातात. माणूस लोण्यासारखा, आवाज मात्र त्याला दुसऱ्याचा सोडा, स्वतःचाही टोचत नसे.

म्हणजे त्या बाईंच्या आयुष्यात शांत अशी एकच जागा उरली होती, ती वरती, प्रभुभोजनाआधीची मूक प्रार्थना. अख्खी मंडळी त्या वेळी एक शब्द बोलत नाही. लग्नाआधी माहेरच्या चर्चमध्ये त्यांनी ती अनुभवली होती.

"आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो," त्या मला एकदा म्हणाल्या. "सगळे गप्प. मग आपली रांग उठायची, कठड्यापाशी गुडघे टेकायचे. मला प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, टीचर. मी नुसती बसते. पण तशी बसले की देव आहे असं वाटायचं. आता मुलांना दर रविवारी सांगते, देव आहे. सांगते, आणि मलाच ऐकू येत नाही."

हे बोलताना त्या एकाची नाडी बांधत होत्या आणि दुसऱ्याला 'ओढू नको' म्हणून डोळ्यांनी दटावत होत्या.

वर्ग त्या चांगला घेत. फार नवं काही करत नसत, पाठांतर होतंच. पण वचन म्हणायला उभी केली की जिभेला कुलूप लागणारी एक मुलगी होती, तिला त्या मातीचा गोळा द्यायच्या, आणि ती बोटांनी अख्खी गोष्ट उभी करायची. दुसऱ्या एकाला बसून ऐकताच येत नसे. तो गोष्टभर टेबलांभोवती फेऱ्या मारायचा. पाळकसाहेबांनी एकदा खाली डोकावून विचारलं, "हा का हिंडतोय?"

"तो ऐकतोय, पाळकसाहेब."

कधीकधी फसायचंही. मुसळधार पावसाची गोष्ट नीट कळावी म्हणून त्यांनी बादलीभर पाणी आणलं, आणि पुढचा आठवडाभर तळघराला कुबट वास येत होता.

"मुलं आवडतात ना तुला?" मी विचारलं होतं.

"आवडतात हो. म्हणून तर अडकले. नावडती असती तर केव्हाच सुटका झाली असती."

मला वर बसायचंय, असं त्यांनी पाळकसाहेबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. पाळकसाहेब मनापासून हेलावले. "अहो, तुमच्यासारखं जमणार कोणाला? खाली तुम्ही आहात म्हणून वर आम्ही निर्धास्त असतो. पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो हं."

परत जिन्याकडे जाताना त्या हसल्या. "'तक्रार नोंदवून घेतली आहे.' ऑफिसात मी हेच सांगते लोकांना. अगदी याच आवाजात."

लक्षात मात्र ठेवलं होतं. त्या वर्षी त्यांचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या, भिंतीवरचं मोठं घड्याळ भेट मिळालं, आणि ते दुसऱ्याच दिवशी तळघरात ठोकण्यात आलं. वर्ग वेळेवर सुटावा म्हणून.

पुढचा घाव प्रेमाचा होता. बायकोला वरचं ऐकायचंय एवढं नवऱ्याच्या कानी गेलं. त्याने बिचाऱ्याने शनिवारभर खपून वरच्या माईकची वायर जिन्यातून खाली ओढली आणि तळघराच्या कोपऱ्यात छताला एक स्पीकर टांगला. बायकोला काही सांगितलं नाही. रविवारी अचानक खूश करायचं म्हणून. त्या रविवारी मी ताट घेऊन खाली गेले तेव्हा मुलं गात होती, एक रडत होतं, आणि डोक्यावरून पाळकसाहेब संयमावर बोलत होते.

"कसं वाटलं?" नवऱ्याने नंतर विचारलं. त्याचा चेहरा असा फुलला होता की वाईट बोलायला दगडाचं काळीज हवं.

"स्वच्छ येतो आवाज," त्या म्हणाल्या.

"वर जायची गरजच नाही आता!"

"नाही ना," त्या म्हणाल्या. मूक प्रार्थनेच्या वेळी त्या स्पीकरमधून नुसती खरखर यायची. त्यांना जे हवं होतं तेवढंच वायरीतून येत नव्हतं.

अशी वर्षं गेली. पाळकसाहेब बदलले, नवेही तसेच बोलके निघाले. मग एका शनिवारी मुलांचे वर्ग घेणाऱ्यांसाठी बाहेरून एक प्रशिक्षिका आल्या. हसऱ्या बाई, गळ्यात शिट्टी. आम्हा सगळ्यांनाच बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "सगळी मुलं एकाच दाराने आत येत नाहीत. कोणाला ऐकून कळतं, कोणाला बघून, कोणाला हाताळून. देवाकडे जायचंही तसंच असतं. कोणी शब्दांतून जातं, कोणी भावनेतून, कोणी कामातून, आणि कोणी शांततेतून, एखाद्या दिव्याकडे नुसतं बघत. मुलांचं नंतर बघू. आधी आपापलं ओळखा. खोलीला चार कोपरे आहेत. शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यात जायचं."

शिट्टी वाजली. पाळकसाहेबांना हलावंच लागलं नाही, ते शब्दांच्या कोपऱ्यात आधीपासून उभे होते. आम्ही गाणारे सगळे भावनेकडे गेलो. नवरा हातातल्या वायरीसकट कामाच्या कोपऱ्यात गेला आणि शेजारी बायकोसाठी जागा धरली. चौथ्या कोपऱ्यात घडीची टेबलं रचून ठेवली होती. तिथे कोणी गेलं नाही. खालच्या बाई गेल्या.

"अगं, चुकलीस! इकडे, इकडे!" नवरा ओरडला.

"चुकले नाही."

"शांतता? तू?" तो सगळ्यांकडे वळला. "अहो, ही पोरांना हाक मारते तेव्हा माझे दोन स्पीकर लाजतात!"

सगळे हसले. मीही हसले असेन. बाई टेबलांना टेकून उभ्या होत्या.

प्रशिक्षिकेने विचारलं, "ताई, शांततेत तुम्हाला काय सापडतं?"

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली तिथे जाऊन."

आता तरी काही होईल असं मला वाटलं. झालंही. पुढच्याच बैठकीत मंडळींनी उत्साहाने ठरवलं की तळघरात मुलांसाठी एक शांततेचा कोपरा करायचा. सतरंजी, छोटा दिवा, निळा पडदा. आणि तो सांभाळायला त्या बाबतीतलं जाणकार माणूस आपल्याकडे आहेच. "आता तर तुमच्याशिवाय पर्यायच नाही," पाळकसाहेब म्हणाले. ते खरंच आनंदात होते.

पहिल्या महिन्याला मी ताट घेऊन उतरले तर पडद्याशी ही मारामारी. "मला आधी शांत बसायचंय!" "बाई, हा किती वेळ शांत बसलाय, आता माझा नंबर!" बाई दोघांच्या मध्ये उभ्या.

"बघताय ना टीचर? मी शांतता मागितली. मला राखणीला ठेवलं."

त्या वर्षी मी निवृत्त झाले. आवाजही फाटला होता, गायनवृंदाला माझी तशी गरज उरली नव्हती. मी म्हटलं, "एक रविवार मी घेते वर्ग. तू वर जा." किती काळ आधी म्हणता आलं असतं, तो भाग वेगळा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग त्या सूचना देऊ लागल्या: कोणाला चालू द्यायचं, कोणाला हात लावायचा नाही, कोण खडू खातं.

त्या रविवारी त्या वर, शेवटच्या बाकावर बसल्या. खाली माझं बरं चाललं होतं. मोठमोठे वर्ग सांभाळलेली बाई मी. मूक प्रार्थना सुरू झाली तशी वरची कुजबुज थांबली. नेमकं तेव्हाच एका मुलीचं बोट घडीच्या खुर्चीत सापडलं. बोटाला फार लागलं नव्हतं, पण तिने जो सूर लावला तो जिन्यावरून सरळ वर गेला.

पुढचं मला बाईंच्या नवऱ्याने सांगितलं. तो माईकच्या यंत्रापाशी, बाजूला उभा असतो. तिथून त्याला सगळ्यांची तोंडं दिसतात. "अख्ख्या चर्चने माना वळवल्या, टीचर," तो म्हणाला. "जिन्याकडे नाही. हिच्याकडे. रागाने नाही हो, सवयीने. ती डोळे मिटून बसली होती. तिने उघडले तर सगळे तिच्याकडेच बघतायत." एवढं सांगून तो थांबला. बोलता बोलता तो थांबलेला मी प्रथमच पाहत होते.

त्यांची रांग उठायच्या आधीच त्या खाली आल्या.

"अगं, माझं मी बघते. जा तू वर," मी म्हटलं.

"आता कशाला? वर कोणी डोळे मिटणार नाही, मी खाली पोचले का तेच ऐकत बसतील." त्यांनी मुलीचं बोट फुंकलं. "आणि मीही बसले होते, पण माझे कान इथेच होते. कोण चालतंय, कोण गप्प झालंय. वर जाऊनही मी खालीच असते, टीचर. आता दार उघडून दिलं तरी काय?"

थोड्या वेळाने ताट खाली आलं. दुसऱ्याच कोणी आणलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या घेतलं.

नवऱ्याने त्याच आठवड्यात तळघरातला स्पीकर बंद केला. "बिघडलाय," तो सगळ्यांना सांगू लागला. पाळकसाहेबांनी विचारलं, दुरुस्त कधी? "पार्ट मिळत नाही हो." शहरातला कुठलाही मुका स्पीकर बोलता करणारा हा माणूस, त्याला तो एक पार्ट आजतागायत मिळालेला नाही.

बाईंनी पुन्हा वर जायचं नाव काढलं नाही. त्या कमी बोलू लागल्या होत्या. वर्गात नव्हे, वर्गात आवाज तोच. पण जिन्याशी माझ्याबरोबर रेंगाळायच्या, ते थांबलं. मला त्यांची काळजी वाटायची. एकदा त्या सहज म्हणाल्या, "मुलांना आता जे सांगते, ते फोनवर बोलल्यासारखं सांगते." म्हणजे नोंदवून घेतलं आहे, एवढंच.

मग तो रविवार. मी ताट घेऊन पोचले तेव्हा हरवलेल्या मेंढराची गोष्ट संपत आली होती. मेंढपाळ बाकीचा कळप सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन परत येतो. निळ्या पडद्यातून एका मुलीने डोकं बाहेर काढलं. "बाई, तो शोधायला गेला तेव्हा बाकीच्यांजवळ कोण थांबलं होतं?"

बाई थबकल्या. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

टेबलाभोवती फेऱ्या मारणारा एक जण न थांबता म्हणाला, "कोण म्हणजे? खालच्या बाई!"

सगळ्यांना ते पटलं. विषय संपला, मुलं रंगांवर तुटून पडली. बाई आधी हसल्या. मग हसू थांबलं आणि त्या एका छोट्या खुर्चीवर बसल्या. मी रुमाल बाजूला करू लागले.

"असू दे, टीचर. ताट टेबलावर ठेवा. आणि जा."

"म्हणजे?"

"काही म्हणू नका, भरवू नका. पोरं गेली की मी घेईन."

देणाऱ्याने ठरलेली वाक्यं म्हणायची आणि घेणाऱ्याने घेईपर्यंत थांबायचं, हा आमचा नियम. मी शिक्षिका, नियम मोडायला माझा हात सहजी धजत नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी जे मागितलं त्याचं आम्ही प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी करून दिलं होतं. मी ताट ठेवलं आणि वर आले.

काकांना ते मुळीच रुचलं नाही. "ताट असं बेवारशी टाकून यायचं? गुडघा धड असता तर मीच गेलो असतो." गोष्ट पाळकसाहेबांपर्यंत गेली. पुढच्या महिन्यात उपासना संपल्यावर ते स्वतः खाली निघाले, बाईंना नीट समजावून सांगायला. मी मागोमाग.

मुलं गेली होती. बाई एका छोट्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे जवळजवळ छातीशी आलेले. हात स्वच्छ धुऊन मांडीवर ठेवलेले. समोर टेबलावर ताट, रुमाल तसाच. डोळे मिटलेले. खिडकीतून घरी जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. मी अगदी पहिल्या दिवशी पाहिला होता तो चेहरा आता पुन्हा पाहिला. या वेळी हाक मारायला कोणी नव्हतं.

पाळकसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी तोंड मिटलं आणि बूट वाजू नयेत म्हणून चवड्यांवर जिना चढून परत गेले. ते न बोलता कुठून परतले, असं मी तेवढंच एकदा पाहिलं. नियमाचा विषय पुन्हा निघाला नाही. वर्गाला दुसरं कोणी शोधायचा विषयही निघाला नाही.

खालच्या बाई अजून खालीच वर्ग घेतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेवटचं मूल गेलं की त्या तळघराचं दार आतून लावून घेतात, आणि त्यांचा नवरा वायरींचं भेंडोळं खांद्यावर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर गप्प बसून राहतो.